आहार बदलला, तरी मेलबर्नच्या ग्रीकांचे हृदय कसे टिकले?

प्रश्न :
मेलबर्नमध्ये आमच्या शेजारी १९६०च्या दशकात ग्रीसहून आलेले एक वृद्ध जोडपे राहते. दोघांनाही मधुमेह आहे, वजनही बरेच आहे. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या या पिढीत मधुमेह आणि लठ्ठपणा अधिक असूनही हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र तिथेच जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळले, असे वाचले. मग आहार बदलल्याचा परिणाम कुठे गेला?

प्रतिसाद १ :
परिणाम झाला, वाढलेला मधुमेह हाच तो परिणाम. १९५८मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सुरू केलेल्या, आहार आणि हृदयविकाराच्या सात देशांतील अभ्यासात ग्रीसच्या क्रीट बेटावरील पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत कमी आढळले होते, पण त्यांचा आहार गरिबीचा होता : पाव, कडधान्ये, रानभाज्या, ऑलिव्ह तेल आणि सणासुदीलाच मांस. ऑस्ट्रेलियात मांस स्वस्त मिळाले आणि ज्यांनी उपासमार पाहिली होती, त्यांना रोजचे मांस ही सुबत्तेची खूण वाटली, यात नवल नाही. ऑलिव्ह तेल मात्र सुरुवातीला औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीतून मिळे.

तरीही परसबाग सुटली नाही. ‘हॉर्ता’ म्हणजे उकडून तेल-लिंबू घातलेला पाला. त्यातला ‘व्लीता’ आपल्या माठाच्या कुळातला, आणि कोशिंबिरीत पडणारी ‘ग्लिस्त्रीदा’ म्हणजे चक्क आपली घोळ, जिच्यात ओमेगा-३ मेदाम्ले पालेभाज्यांच्या मानाने भरपूर असतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासात मांस, अंडी, दूध वर्ज्य असल्याने मसूर आणि पांढऱ्या घेवड्याचे सूपही घरात टिकून राहिले.

प्रतिसाद २ :
मुळात धडधाकट माणसेच देश सोडतात, हे कारण विसरू नये.

प्रतिसाद १ :
मान्य, पण ते एकटे पुरत नाही. मेलबर्नमधील वृद्धांचा एक अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ग्रीक असोत वा इंग्रज-आयरिश वंशाचे, ज्यांचे जेवण या जुन्या पद्धतीच्या जवळचे होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते. म्हणून मला खरी काळजी वाटते ती तिथे जन्मलेल्या नातवंडांची, कारण मांसाहार त्यांना वारशात मिळाला. परसबाग आणि उपवास मिळतीलच असे नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. आजींच्या वाफ्यातली घोळ मी आजवर तण समजत होते. या ईस्टरपूर्वी त्यांच्याकडून घेवड्याचे सूप शिकून घेईन.