दगडखाणीच्या वस्तीत आधी खोखो की आधी अभ्यासिका?

नेरूळचा खोखोवाला
आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीतून पैसे उरलेत. ते महामार्गापलीकडच्या, दगडखाणीलगतच्या वस्तीतल्या मुलांसाठी वापरायचे, इथवर एकमत आहे. पुढे दोन तट पडलेत. बहुतेकांना अभ्यासिका हवी आहे. मला रोजचा खोखोचा सराव आणि पगारी प्रशिक्षक हवाय.

दोन वर्षं मी दर रविवारी संध्याकाळी तिथे खोखो घेतो. एक मुलगा वर्गात पाच मिनिटं टिकत नाही, म्हणून सारखा बाहेर उभा असतो. तोच मुलगा मधल्या पाटीवर दबा धरून बसतो आणि खो मिळाल्याशिवाय उठत नाही. उठला तर फाउल होतो आणि सगळी टीम ओरडते. हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही. या खेळाला ना बॅट लागते ना बूट. दोन खुंट आणि थोडा चुना असला की नऊ जण एका बाजूने खेळतात.

२ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी इथेच, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या मैदानाचे दिवे या वस्तीतून दिसतात. वस्तीतल्या पोरींना स्वतःचं मैदान नको का?

महापालिका शाळेतली बाई
तुमची तळमळ खरी आहे, पण रविवार निवडताना एक विचार केलात का? शाळेत पोषण आहार मिळतो, रविवारी शाळा बंद. बरीच मुलं त्या दिवशी चहा-बटरवर असतात, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्यांना दोन तास पळवता. सोमवारी ती माझ्या वर्गात पेंगतात.

आणि ‘खेळाने आयुष्य बदलतं’ हे पालकांना सांगू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते पदक मिळवणाऱ्यांना. बाकीच्यांचं काय? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे पोर वही कुठे उघडणार? मला अभ्यासिकाच हवी.

कळव्याची कबड्डीवाली
बाई, मी त्या ‘बाकीच्यां’पैकी. जिल्ह्याच्या पुढे गेले नाही, नोकरीही खेळावर लागली नाही. पण नववीत घरच्यांनी शाळा सोडवायचं ठरवलं, तेव्हा आमचे सर तिसऱ्या दिवशी दारात उभे होते. सरावाला आली नाही म्हणून त्यांना कळलं. शाळेतून कुणी आलं नव्हतं. वडिलांशी ते तासभर बोलत बसले. मी दहावी झाले ती त्या एका तासामुळे.

म्हणूनच खोखोवाल्या दादांनाही सांगते, आठवड्यातून एकदा येणाऱ्याला हे जमत नाही. पोरगी गैरहजर आहे हे रविवारी कळेपर्यंत तिची सोयरीक ठरलेली असते.

ऐरोलीकर
नैरोबीत माथारे नावाची मोठी झोपडपट्टी आहे. तिथे १९८७ पासून मुलांची फुटबॉल संघटना चालते. वस्तीतला कचरा उचलला की संघाला लीगमध्ये गुण मिळतात. आपण शाळेतल्या हजेरीला गुण देऊ या. खेळही होईल, शाळाही.

महापालिका शाळेतली बाई
नको हो! आई खाणीवर गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली घरी थांबते. तिची हजेरी बुडते ती आळसाने नाही. तिच्यामुळे टीमचे गुण गेले, तर तिला दुहेरी शिक्षा होईल. कचऱ्याचं वेगळं आहे, तो सगळ्यांना मिळून उचलता येतो.

नेरूळचा खोखोवाला
बाई, जेवणाचं खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चुकलं माझं. या रविवारपासून आधी केळं आणि नंतर भिजवलेले हरभरे-गूळ. धाकट्या भावंडांना मैदानावरच आणू दे, कडेला चटई टाकतो. संध्याकाळी पाण्याचा टँकर येतो आणि मुली गळतात, हेही आता लक्षात येतंय. सराव सकाळी सातला घेऊ.

अभ्यासिकेला मात्र मी अजून राजी नाही. खोली भाड्याने घेतली की पैसे भाड्यातच जातात, आणि मुलांची चौकशी करणारं माणूस तिथे नसतं. आधी माणूस नेमू, रोज येणारं. येत्या रविवारी तुम्ही याल का?

महापालिका शाळेतली बाई
येते. अभ्यासिकेवरून तिथेही भांडेन. आणि गेल्या महिन्यात शाळेत न आलेल्या सात मुलींची नावं आणते. दुपारी आपण दोघं त्यांच्या घरी जाऊ.