इंग्रजीचा सराव तुम्ही नेमका कसा करता? नाशिककरांनो, अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. इंग्रजी ग्रामर, व्होकॅब्युलरी, ईडियम्स आणि ते फ्रेजल व्हर्ब्ज (लुक इन्टू, टर्न ऑफ अशी जोड क्रियापदं), यांचा सराव कसा करायचा यावर सल्ले ढीगभर मिळतात पण रोज इंग्रजी पेपर वाचा, सिनेमे बघा याच्या पुढे कोणी जातच नाही. मला तुमच्याकडून बारीकसारीक हवंय. शब्द कुठून उचलता, वहीत कसे लिहिता, बोलता कोणाशी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला लागायचं (पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली), त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

सुरुवात मीच करते. मी इंदिरानगरला राहते, अकाउंट्सचं काम करते. शब्दांच्या याद्या पाठ करणं सोडलं आणि आता ऑफिसला येणाऱ्या मेलमधूनच वाक्य उचलते. वहीत डावीकडे मेलमधलं पूर्ण वाक्य, उजवीकडे तेच क्रियापद घालून माझ्या घरातलं वाक्य. मेलमधे 'वी आर लुकिंग इन्टू द मॅटर' आलं की माझ्याकडे 'द सोसायटी इज लुकिंग इन्टू द वॉटर प्रॉब्लेम'. आणि 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' मधे टू नंतर हिअर नाही तर हिअरिंग का, तर तिथला टू प्रीपोझिशन आहे, हे मला नियम वाचून नाही तर तेच वाक्य पुन्हापुन्हा उतरवून अंगवळणी पडलं. आता तुमचं सांगा.

सातपूरची शिफ्ट
मी मेंटेनन्सला आहे. आमचं लॉगबुक इंग्रजीत असतं आणि मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर फोनवर असतो तो तामिळनाडूचा, त्याला मराठी येत नाही मला तामिळ येत नाही, म्हणजे इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. फ्रेजल व्हर्ब्ज शिकायला शॉप फ्लोअरसारखी जागा नाही बघा. बेल्ट वेअर आउट होतो, कूलंट रन आउट होतं, व्हॉल्व्ह शट ऑफ करायचा असतो, डाय सेट अप करायची असते. 'ब्रेकडाऊन आलंय' हे तर आपण मराठीतच बोलतो. फक्त आपण ते नाम म्हणून वापरतो, क्रियापद करायचं म्हटलं की काळ लावावा लागतो आणि तिथेच खरा सराव होतो. 'द मशीन ब्रोक डाउन ॲट टू ओक्लॉक', वेळ दिली म्हणून साधा भूतकाळ. 'द मशीन हॅज ब्रोकन डाउन', म्हणजे बिघडलंय आणि अजून बंदच आहे. समोरचा एवढ्या एका हॅजवरून ओळखतो की लाईन थांबलेली आहे. प्रेझेंट परफेक्ट मला शाळेत कधी कळला नव्हता, तो इथे कळला.
अजून एक. 'टर्न ऑफ द मोटर' चालतं, 'टर्न द मोटर ऑफ' पण चालतं, पण मोटरऐवजी इट घातलं की ते मधेच बसतं, 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कोणी म्हणत नाही. आमच्या नवीन ट्रेनी पोरांकडून मी हे मोठ्याने म्हणवून घेतो, स्विच इट ऑफ, शट इट डाउन, पुट इट बॅक, हातात काम चालू असतानाच. पोरं आठवड्याभरात बोलायला लागतात.

पिंपळगावचा बागायतदार
द्राक्षं एक्स्पोर्टला देतो. जानेवारी ते एप्रिल नुसती धावपळ, त्यात फवारणीची नोंद, शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, रेसिड्यूचा म्हणजे द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाचा रिपोर्ट, सगळे कागद इंग्रजीत. माझा सराव एकाच क्रियापदाचा. होल्ड. 'होल्ड ऑन' म्हणजे फोनवर जरा थांबा. 'होल्ड ऑफ हार्वेस्टिंग' म्हणजे काढणी आत्ता नको. 'द कंटेनर इज हेल्ड अप ॲट द पोर्ट' म्हणजे न्हावा शेवाला माल अडकला. शेवटचा अक्षरभर शब्द बदलला की लाखोंचा फरक आहे ओ. असं एक सीझन होल्ड, एक सीझन पिक, मग कट. मुलीला घेऊन बसतो, ती मेल मोठ्याने वाचते मी अर्थ सांगतो, दोघांचा सराव होतो.

नाशिकरोडच्या निवृत्त बाई
सातपूरच्या दादांचं वाचून फार बरं वाटलं. मी मराठी माध्यमात इंग्रजी शिकवलं. मुलांना फ्रेजल व्हर्ब म्हणजे इंग्रजांनी मुद्दाम केलेला त्रास वाटायचा. मी त्यांना आधी मराठी विचारायचे. 'खा' आणि 'खाऊन टाक' यात फरक काय? मुलं लगेच सांगायची, बाई, टाक म्हणजे संपव. मग ईट आणि ईट अप, ड्रिंक आणि ड्रिंक अप फळ्यावर लिहायचं. टाक मधलं टाकणं जसं खरं टाकणं नाही तसं अप मधलं वर नाही. प्रत्येक अप असा सरळ नसतो, गिव्ह अप वेगळाच, पण मुलांची भीती तिथेच जायची. ईडियम्सचंही तेच, डोळा लागणे, डोळा मारणे, डोळे येणे हे आपण कधी यादी करून शिकलो का? घरात ऐकलं, वापरलं. इंग्रजी आपल्या घरात ऐकू येत नाही, म्हणून मी रोज एक प्रसंग करून घ्यायचे. दुकानदार आणि गिऱ्हाईक, एसटीचा कंडक्टर आणि प्रवासी. पुस्तकातल्या संवादापेक्षा मुलांना सीबीएसच्या स्टँडवरचा संवाद जास्त सुचायचा.

पंचवटीतून
माझी गाडी भाड्याने चालते, त्र्यंबक-शिर्डी. पिक अप, ड्रॉप ऑफ, चेक इन, चेक आउट एवढ्यावर बरंच भागतं. २०२७ च्या सिंहस्थाच्या आधी नीट बोलता यायला पाहिजे म्हणून बायको आणि मी रात्री जेवताना इंग्रजीतच बोलतो.

कॉलेज रोड, आयईएलटीएसवाली
नर्सिंग झालंय, परदेशात जायचंय, म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतेय. स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, त्यात कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. मी सिटीलिंकच्या बसमधे मनात विषय घेते आणि घरी आल्यावर फोनमधे रेकॉर्ड करून ऐकते. ऐकताना एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचं, आज फक्त आर्टिकल्स, उद्या फक्त काळ. मराठीत अ, ॲन, द असं काही नाहीच, म्हणून आर्टिकल्ससाठी कान वेगळा तयार करावा लागतो. आणि प्लीज, रेनिंग कॅट्स अँड डॉग्जसारखे ईडियम्स ओढूनताणून घालू नका. एक प्रश्न, कुठलं फ्रेजल व्हर्ब तुटतं (म्हणजे 'टर्न इट ऑफ'सारखा मधे शब्द बसतो) आणि कुठलं नाही हे ओळखायचं कसं?

अभ्यासिकेतला एक
एमपीएससीच्या कंबाइन परीक्षेची तयारी करतोय. माझं मत थोडं वेगळं आहे. ऐकून बोलून येतं हे खरं पण पेपरात चूक ओळखा विचारलं की नियम लागतोच. 'डिस्कस अबाउट' चूक का, कारण डिस्कसला थेट कर्म लागतं, हे माहीत असलेलं बरं. मी मॉक टेस्टमधलं प्रत्येक चुकीचं वाक्य सुधारून पूर्ण लिहितो आणि त्याच नियमाची माझी दोन वाक्यं. नुसतं उत्तर टिक करून पुढे गेलं की चार दिवसात साफ विसरायला होतं.

नाशिकरोडच्या निवृत्त बाई
कॉलेज रोडच्या मुलीला, नुसतं बघून ओळखता येत नाही गं. चांगल्या डिक्शनरीत ते छापलेलंच असतं, तसंच वहीत उतरवायचं. 'टर्न समथिंग ऑफ' असं लिहिलं की तुटतं हे आपोआप लक्षात राहतं. 'लुक आफ्टर समवन' लिहिलं की नाही तुटत. आणि 'पुट अप विथ समवन' सारखी तीन शब्दांची बहुतेक तुटत नाहीत. तू पेशंटचीच वाक्यं घे. आय ॲम लुकिंग आफ्टर हर. द फीव्हर हॅज कम डाउन. वॉर्डात रोज बोलशील ती.