मदत हवी आहे: लॅन्सेटमधला जुना लेख, परवा सकाळपर्यंत

मांजराकाठ (सोमवार, दुपारी ४.१२)
मी मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल. आमच्या एका पीजीला (पदव्युत्तर विद्यार्थ्याला) लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला विंचूदंशाचा लेख पाहिजे. तो प्रसिद्ध लेख, सगळ्यांना माहीत असेल. साइटवर सापडत नाही. गाइड सरांनी अट घातलीय की मूळ लेख हातात असल्याशिवाय संदर्भ टाकायचा नाही. परवा सकाळी प्रबंध बाइंडिंगला जातोय. कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लवकर प्लीज.

शिक्का_मोर्तब (४.२०)
लेखक? वर्ष? खंड? पान? "प्रसिद्ध" नावाचा खंड आमच्या कपाटात नाही ताई.

खामनदी (४.३१)
एवढं काय त्यात. वन नेशन वन सबस्क्रिप्शनवर लॉगिन करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलंय, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स. लोक वापरतच नाहीत आणि मग इथे धागे काढतात.

मांजराकाठ (४.३८)
आमचं ट्रस्टचं कॉलेज आहे. ती योजना सरकारी संस्थांसाठी, आम्हाला लागू नाही.

खामनदी (४.४०)
हे आधी सांगायचं ना.

मांजराकाठ (४.४१)
लेख मागितला होता, कॉलेज नव्हतं मागितलं.

ओसरी (४.५५)
विंचू चावला असेल तर आमची आजी चुना आणि नवसागर एकत्र करून लावायची. पाच मिनिटांत ठणका कमी.

डॉ_रात्रपाळी (५.०२)
ओसरी, इथे कोणाला चावलेला नाही. आणि चावला तर चुना नको, दवाखाना गाठा. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर, विशेषतः लेकरू असेल तर, एक मिनिट घालवू नका. प्राझोसिनची गोळी आल्यापासून चित्र बदललं. ते काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं, आणि माणूस मूळचा आपल्या जालना जिल्ह्यातला, देहेडचा. २०२२ ला पद्मश्री मिळाली.
धागाकर्त्या ताई, तुम्हाला त्यांचाच लेख पाहिजे का?

मांजराकाठ (५.१०)
हो तोच. अजून कोणाचा असणार?

डॉ_रात्रपाळी (५.१३)
त्यांचे लॅन्सेटमध्ये एकाहून जास्त आहेत. प्राझोसिनवाला पाहिजे की आधीचा, लक्षणांवरचा?

शिक्का_मोर्तब (५.१५)
म्हणूनच पहिल्या मिनिटाला विचारलं होतं.

मांजराकाठ (५.३४)
पीजीला फोन केला. त्याच्या कागदावर एवढंच आहे: बावस्कर, लॅन्सेट १९८२, १: ५५२-५५४. लॅन्सेटच्या साइटवर खंड १ शोधला तर १८२३ साल निघालं. पेशवाई बुडून पाचच वर्षं झालेली तेव्हा! आता बोला.

बालाघाट (५.३९)
पेशवाईचं पुणेकरांना सांगा. आपल्याकडे तेव्हा निजाम होता.

शिक्का_मोर्तब (५.५२)
आत्ता कुठे कामाचं काहीतरी आलं. लॅन्सेट त्या काळी दर जानेवारीला पुन्हा एकपासून मोजायचं. पहिली सहामाही खंड १, दुसरी सहामाही खंड २. आता साइटवर सगळे खंड सलग क्रमांकाने लावलेत. १९८२ ची पहिली सहामाही म्हणजे खंड ३१९. तो उघडा, पान ५५२ वर जा. लक्षणांवरचाच लेख आहे तो.

मांजराकाठ (६.०५)
सापडला!! पण पैसे मागतोय. डॉलरमध्ये. पीजीची आणि माझी दोघांचीही तयारी नाही.

चहा_कटिंग (६.०८)
हिनारी वापरा. जागतिक आरोग्य संघटनेचं आहे, जर्नल्स फुकट.

शिक्का_मोर्तब (६.११)
हिनारीच्या देशांच्या यादीत भारत नाही. दर सहा महिन्यांनी कोणीतरी हे सुचवतं.

चहा_कटिंग (६.१२)
मग सायहब. प्रकाशकांना न विचारता लेख फुकट देणारी साइट, दहा सेकंदांचं काम.

खामनदी (६.२०)
ग्रंथपालाने कॉलेजच्या मशीनवर सायहब उघडायचं? प्रकाशकांनी २०२० मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात खटला टाकलाय त्यांच्यावर. उद्या काही झालं तर ट्रस्टी ताईंनाच पुढे करतील.

चहा_कटिंग (६.२२)
झेरॉक्स चालतं आणि हे चालत नाही, अजब न्याय आहे.

शिक्का_मोर्तब (६.३०)
झेरॉक्स का चालतं तेही ऐका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी वाजवी वापर. एका विद्यार्थ्याला एका लेखाची एक प्रत त्यात बसते. अख्खा अंक छापून वाटला तर नाही बसत. त्यावरच तर आंतरग्रंथालयीन देवघेव चालते. पुस्तक उसनं जातं, जर्नलचा बांधीव खंड कपाटातून हलत नाही, त्यातल्या लेखाची प्रत जाते.

परतलो_एकदाचा (६.४४)
मी सहा वर्षं अमेरिकेत हॉस्पिटल लायब्ररीत होतो. तिथे डॉकलाइन आहे, १९८५ पासून. विनंती टाकली की कोणाकडे तो खंड आहे ते सिस्टीमच बघते आणि पुढे पाठवते. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पीडीएफ हजर. आपल्याकडे हे कधी होणार?

बालाघाट (६.४७)
तिथे लाइट जात नाही, हे पण सांगा.

खामनदी (६.५८)
आपल्याकडे काहीच नाही असं नका म्हणू. डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं १९८८ पासून आहे. दिल्लीपुरतं सुरू झालं होतं, आता देशभर आहे. सभासद कॉलेजला पुस्तक उसनं मिळतं, लेखाची प्रत मिळते. आमचं कॉलेज सभासद आहे, मी गेल्या वर्षी अकरा लेख मागवले, नऊ आले. ताई, तुमचं कॉलेज सभासद आहे का?

मांजराकाठ (७.०३)
होतं. दोन वर्षांपूर्वी नूतनीकरणाची फाइल वर गेली, ती वरच आहे. आणि परवा म्हणजे बुधवार, हे कोणी लक्षात घेतंय का?

खामनदी (७.०५)
बुधवारचं माहीत नाही, पण फाइलचा पाठपुरावा करा.

बालाघाट (७.१५)
कर्नाटकाचं बघा. त्यांच्या आरोग्य विद्यापीठाने २००३ पासून हेलिनेट चालवलंय, सगळ्या संलग्न कॉलेजांसाठी एकत्र खरेदी. आमच्या उदगीरहून बिदर तासा-दीड तासावर. सीमा ओलांडली की जर्नल मिळतं. माझ्या मेहुण्याने तर

बालाघाट (७.१६)
अर्धवट गेलं. मेहुण्याने तिथूनच एमडी केलं, एवढंच म्हणायचं होतं.

निवृत्त_काका (८.४०)
उशिरा पाहिलं. मुली, इंटरनेट सोड, बांधीव खंड शोध. १९८२ चा लॅन्सेट कोणाकडे असेल याचा विचार कर. तुमचं कॉलेज तेव्हा नव्हतंच. मराठवाड्यात औरंगाबादची घाटी (सरकारी मेडिकल कॉलेज) १९५६ पासूनची, मग आंबेजोगाई. अशा जुन्या ठिकाणीच आशा. पण कोणाकडे कोणते खंड शिल्लक आहेत याची एकत्र यादी मी नोकरीच्या तेहतीस वर्षांत पाहिली नाही. आम्ही एकमेकांना फोन करायचो. कार्डावर लिहून ठेवायचो, अमक्याकडे १९७१ ते ८८, मधला ७९ गहाळ. तीच आमची यादी. निकडीचं असेल तर झेरॉक्स पाकिटात घालून रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि सकाळी शिपाई स्टँडवर उभा. एकदा पाकीट गाडीतच राहून पुसदला गेलं होतं. तिथल्या डेपोवाल्याने परत पाठवलं, वर चिठ्ठी: "यात पोटाचे फोटो आहेत, जपून".

ओसरी (८.५२)
काका, भारी! अजून लिहा.

गोगलगाय_७ (९.१०)
मी जुन्या सरकारी कॉलेजात सहायक आहे, नाव नको. आमच्याकडे लॅन्सेट खालच्या मजल्यावर आहे, साठच्या दशकापासून मध्ये मध्ये. १९८२ नक्की आहे का ते सकाळी बघून सांगते. त्या खोलीचा बल्ब गेलाय, मोबाइलच्या उजेडात शोधावं लागेल.

मांजराकाठ (९.१२)
गोगलगाय ताई, तुमच्या तोंडात साखर पडो.

चहा_कटिंग (९.१५)
नाव मात्र गोगलगाय. बुधवारपर्यंत पोचेल ना?

गोगलगाय_७ (मंगळवार, सकाळी ११.२६)
मिळाला. तांबड्या रेक्झिनची बांधणी, कण्यावरचे सोनेरी आकडे उडालेत, फक्त "८२" राहिलंय. आधी दुसरा खंड हातात आला, त्यात ५५२ वर भलताच लेख. पहिला खंड दोन कपाटं सोडून, उलटा ठेवलेला. कसरीने कडा खाल्ल्यात पण मजकूर शाबूत. आमचं झेरॉक्स मशीन बंद आहे म्हणून मोबाइलवर तीन पानं काढलीत. व्यनि बघा.

मांजराकाठ (११.४०)
आले! पण ५५३ चा आतला रकाना शिवणीत गेलाय. प्रत्येक ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं दिसत नाहीत. परत काढता का? थोडं उघडून धरा.

शिक्का_मोर्तब (११.४४)
उघडून धरा म्हणजे कणा मोडेल. खंड टेबलाच्या कडेवर ठेवा, एक बाजू खाली नव्वद अंशात सोडा आणि समोरून फोटो घ्या. दाबायचं नाही.

गोगलगाय_७ (दुपारी १.०५)
कडेवरची युक्ती जमली. शिपाईमामांनी खालून धरलं. पाठवलंय.

मांजराकाठ (१.१८)
मिळालं, एकेक अक्षर दिसतंय. पीजीला छापून दिलं, तो पळतच गाइडकडे गेला. खूप खूप आभार. मामांनाही सांगा.

गोगलगाय_७ (१.३०)
सांगते. ताई, आता माझं एक काम. आमच्या नर्सिंगच्या मॅडमना एक लेख पाहिजे, नर्सिंग जर्नलमधला, बाळंतिणींवरचा. तुमच्याकडे नर्सिंगची जर्नल्स येतात ना? बराच गाजलेला लेख आहे म्हणे.

मांजराकाठ (१.३३)
येतात. जर्नलचं नाव? वर्ष, खंड, पान?