सामाजिक आशयाची गाणी सुचवा (३ जानेवारीचा कार्यक्रम, बजेट ४ हजार)

कऱ्हाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचा बचतगट पुरंदर तालुक्यातल्या एका गावातला. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. दरवर्षी हार, दोन भाषणं, पेढे, संपलं. यंदा दीड तास गाणी करायची ठरवली आहेत, आणि गाणी काय सांगतात यावर बोलायचंही.

हे डोक्यात आलं ते एका गॅदरिंगमुळे. सातवीच्या मुली 'फेविकॉल से' वर नाचल्या, आयाबाया टाळ्या वाजवत होत्या. घरी येऊन मी शब्द नीट ऐकले. त्यातली बाई स्वतःला तंदुरी मुर्गी म्हणवते आणि दारूबरोबर गिळून टाक म्हणते. मुलींना पाठ आहे ते सगळं.

तर अशी गाणी सुचवा जी लोकांच्या तोंडी आहेत आणि ज्यांत समाजाबद्दल काही म्हणणं आहे. गाणार आम्ही सहाजणीच, कुणी शिकलेलं नाही. पेटीला एक गुरुजी आहेत, ढोलकीला शेजारचा मुलगा. ऐकायला नववीच्या मुलींपासून सत्तरीच्या आज्यांपर्यंत. बजेट एकूण ४ हजार, त्यात माइक-स्पीकरचं भाडं, चहा आणि गाण्यांचे छापील कागद. कराओके लावावं की पेटी-ढोलकीवरच गावं, तेही सांगा.

जुना_रेडिओ:
ताई, गीतकार साहिर लुधियानवी. दुसरं नाव घेऊच नका. 'साधना' (१९५८) मधलं 'औरत ने जनम दिया मर्दों को', लताबाईंचा आवाज. बाईला बाजारात कुणी बसवलं हे हिंदी सिनेमात इतकं थेट कुणी विचारलं नव्हतं. पुढच्याच वर्षी 'धूल का फूल' मधलं 'तू हिंदू बनेगा ना मुसलमान बनेगा', रफीसाहेब. माझ्याकडे दोन्हीच्या मूळ रेकॉर्ड आहेत आणि अजून खरखर नाही. मोबाइलवर ऐकणाऱ्यांना तो आवाज कळणार नाही.

साउंड_सातारा:
भाड्याच्या भानगडीत पडू नका. मी मागच्या दिवाळीत चाकं असलेला पार्टी स्पीकर घेतला, १८ हजाराला, दोन कॉर्डलेस माइक सोबत. वरातीला, हळदीला, सत्यनारायणाला, सगळीकडे तोच. बचतगटाने घेतला तर भाड्याने देऊन पैसे सुटतील.

कऱ्हाकाठ:
दादा, एकूण ४ हजार आहेत.

विदर्भवाणी:
अमरावतीचे सुरेश भट कुणाला आठवले नाहीत याचं आश्चर्य वाटलं. 'उषःकाल होता होता काळरात्र झाली', 'सिंहासन' (१९७९), आशाताई, संगीत हृदयनाथ. स्वातंत्र्यानंतर माणसाच्या हाती काय आलं ते त्या एका ओळीत आहे. आमच्या कॉलेजात संपाच्या वेळी हेच म्हटलं जायचं. मी स्वतः पुढे उभा राहून म्हटलंय, हजारभर पोरं मागून ओढायची. 'सामना' (१९७५) मधलं 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' पण घ्या. आरती प्रभूंचे शब्द, चंदावरकरांची चाल.

निळी_पहाट:
यादी निघाली की सिनेमापासून सुरू होते आणि सिनेमातच संपते. सावित्रीबाईंच्या जयंतीला तरी जलसा, म्हणजे गाण्या-नाट्यातून केलेलं प्रबोधन, आठवावा. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला, त्या चळवळीने पुढे गावोगाव सत्यशोधकी जलसे नेले. त्या वाटेनेच आंबेडकरी जलसे आले, आणि मग वामनदादा कर्डक. १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. ज्या माणसाला शाळा मिळाली नाही त्याने हजारो गाणी लिहिली. 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो, सांगा धनाचा साठा न् आमचा वाटा कुठाय हो'. अर्थशास्त्राचा तास आहे हा, आणि ढोलकीवर आजीसुद्धा 'कुठाय हो' म्हणते. ताई, तुमच्या सहाजणींना हेच जमेल, कारण निम्मं गाणं लोकच म्हणतात.

जुना_रेडिओ:
सिनेमाला कमी लेखू नका. वामनदादांचं गाणं जिथे पोचलं नाही तिथे साहिर पोचला. रेडिओवर सगळ्या जातींची माणसं एकच गाणं ऐकत होती.

निळी_पहाट:
ऐकत होती, मान डोलवत होती आणि पाणी वेगळ्या माठातलं पीत होती. आमच्या वस्तीत गाणं ऐकून पोरं शाळेत गेली. माझे वडील त्यातलेच. कडूबाई खरात यांना एकतारीवर ऐका म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

न्यूजर्सीकर:
आमच्या मंडळात आम्ही असाच थीम कार्यक्रम केला, 'गीतांतून समाज'. मागे एलईडी वॉल, त्यावर जुनी छायाचित्रं, पुण्याहून निवेदिका बोलावली होती. निवेदन चांगलं असेल तर कार्यक्रम उचलला जातो. निवेदिकेवर खर्च करा, बाकी आपोआप होतं.

शेवंती:
कराओके नको गं. आमच्या हळदीकुंकवाला कराओके लावलं, मधेच नेट गेलं आणि 'कनेक्टिंग' असं गोल फिरत राहिलं. तीस बायका बघत बसल्या. आणि ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, आपल्याला तो पेलत नाही. वापरायचाच असेल तर आधी डाउनलोड करून ठेवा.
गाणं म्हणाल तर लताबाईंचं 'औरत ने जनम दिया'.

साउंड_सातारा:
म्हणूनच म्हणतो, पार्टी स्पीकरला पेनड्राइव्ह लागतो, नेटची गरजच नाही.

मांडवीतीर:
साहिरच्या त्या दोन्ही गाण्यांचं संगीत एन. दत्ता यांचं, म्हणजे आमच्या गोव्याचे दत्ता नाईक. नाव घ्यायला कुणी तयार नाही म्हणून मीच लिहितो.

गाण्याने काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर गोव्याकडे बघा. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर मतदान होतं. उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी म्हणत हिंडले आणि गोवा वेगळा राहिला. भाषणं दोन्ही बाजूंनी झाली, पण लोकांच्या ओठांवर गाणी राहिली.

पेठेतला_वाचक:
हा विषय निघालाच आहे म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं अण्णा भाऊ साठ्यांचं 'माझी मैना गावावर राहिली' घ्यायलाच हवं. छक्कड आहे, म्हणजे लावणीचा एक प्रकार. मुंबईत पोटासाठी आलेला माणूस गावाकडच्या बायकोसाठी झुरतो. तिचं रूप, तिचं चालणं, निघतानाची तिची अवस्था, ऐकणारा पूर्ण गुंततो. आणि मग शेवटाकडे अण्णा भाऊ म्हणतात, जी माझी गत तीच या तुटलेल्या महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, निपाणी. तोवर ऐकणाऱ्याच्या घशाशी आलेलं असतं, त्यामुळे राजकारण त्याला परकं वाटत नाही. शाहीर अमर शेखांच्या आवाजात हे ऐकायला मैदानं भरायची. माझ्या मते मराठीत याच्या तोडीचं सामाजिक गाणं नाही, कारण ते आधी गाणं आहे.

मांडवीतीर:
त्या यादीत गोवापण आहे. तेवढं सोडलंत बरं.

पेठेतला_वाचक:
आहे, आणि सोडायला नको होतं. त्या काळी मागणी तीच होती.

मांडवीतीर:
मागणी तुमची होती. आम्हांला विचारलं तेव्हा आम्ही उत्तर दिलं.

विदर्भवाणी:
विचारायचंच तर विदर्भालाही कुणी विचारलं नाही. १९५६ ला थेट मुंबई राज्याला जोडून टाकलं.

पेठेतला_वाचक:
या वादासाठी वेगळा धागा काढा. इथे ताईंना गाणी हवी आहेत.

आरेचा_पोरगा:
नववी-दहावीच्या मुली बसणार आहेत ना? मग १९५८ चं गाणं लावलं की त्या मोबाइल काढणार. मुंबईच्या 'स्वदेशी' ग्रुपचं 'द वारली रिव्होल्ट' लावा. हिपहॉप आहे, त्यात मुंबईतल्या आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, जंगल आणि जमीन कुणाची हा सवाल आहे. मी ते आमच्या चाळीतल्या पोरांना ऐकवलं, दुसऱ्या दिवशी पोरं स्वतःच्या गटाराबद्दल ओळी जुळवत होती.

जुना_रेडिओ:
बोलण्याला गाणं म्हणत नाहीत.

निळी_पहाट:
काका, पोवाड्यातही शाहीर मधे बोलतोच की. इथे मी पोराच्या बाजूने.

पेटीमास्तर:
पट्टीबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. न शिकलेल्या बायकांना साधारण पेटीची काळी चार किंवा काळी पाच, म्हणजे त्या काळ्या पट्टीला सा धरून गाणं, सोपं जातं. गुरुजींना आधी एका दिवशी बसवून सहाजणींचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर कुठे थांबतो ते बघायला सांगा, मग एकच पट्टी धरा. प्रत्येक गाण्याला पट्टी बदलत राहिलात तर ढोलकीही दर वेळी चढवा-उतरवावी लागेल आणि लोक उठून जातील.

'उषःकाल' सुंदर आहे, पण सांगतो, नवख्या गळ्याने घेऊ नये. हृदयनाथांच्या चाली दिसतात सोप्या, सूर नेमका लागला नाही तर गाणं कोसळतं. 'सामना' चं गाणंही तसंच, एकट्याच्या आवाजाचं आहे. समूहाला साने गुरुजींचं 'आता उठवू सारे रान' द्या. शेतकऱ्याचं गाणं, चालायच्या ठेक्यावर बसतं, गावात निम्म्या लोकांना येत असतं. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर होतात, तीही चालतील. माझ्या शाळेच्या वृंदाला मी हेच बसवून जिल्ह्यात पहिला नंबर आणला होता.

आणि दीड तासात पाच गाण्यांच्या वर जाऊ नका.

विदर्भवाणी:
हजार पोरांनी 'उषःकाल' म्हटलं तेव्हा कुणाची पट्टी बघितली नव्हती, गुरुजी.

पेटीमास्तर:
संपात बघू नये. मांडवात बघावी.

कोर्टकचेरी:
परवानगीचा मुद्दा राहिला. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमाला कुणीतरी 'लायसन्स काढलंय का' म्हणून घाबरवून गेलं होतं, म्हणून मी कायदा वाचला. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाला सूट आहे. तिकीट न लावता, फुकट येणाऱ्या प्रेक्षकांपुढे तुम्ही स्वतः गाणं सादर केलं तर तो भंग होत नाही. तिकीट लावू नका. पण गाण्यांचे शब्द छापून वाटणं ही वेगळी गोष्ट. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० ला गेले, ते छापायला मोकळे. अण्णा भाऊ १९६९, वामनदादा २००४, त्यांचे शब्द अजून हक्कात आहेत. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हे तर माहीत असेलच.

न्यूजर्सीकर:
छापता येत नसेल तर एलईडी वॉलवर ओळी दाखवा.

कोर्टकचेरी:
पडद्यावर दाखवलं तरी प्रश्न तोच राहतो.

शेवंती:
अगं, 'फेविकॉल' चं नाव कार्यक्रमात काढूच नकोस. आज्या बसणार, सासरेमंडळी बसणार. चांगलं ऐकवा म्हणजे वाईट आपोआप मागे पडतं.

जुना_रेडिओ:
शेवंतीताईंशी सहमत. सावित्रीबाईंच्या फोटोपुढे ते शब्द नकोत.

निळी_पहाट:
मलाही नको वाटतं. त्या दिवशी मंच पवित्र असतो आमच्यासाठी.

पेठेतला_वाचक:
मीही तेच म्हणेन. एवढ्या मोठ्या परंपरेतून निवडायचं असताना वेळ तिथे का घालवायचा?

कऱ्हाकाठ:
सगळ्यांचे आभार. काल गटाची बैठक झाली, ठरलं ते सांगते.

गाणी चारच. सुरुवातीला 'आता उठवू सारे रान', काळी चारमध्ये, सगळ्यांनी मिळून. मग वामनदादांचं 'कुठाय हो'. गटातल्या दोघींच्या माहेरी ते दर १४ एप्रिलला होतं, त्यांना तोंडपाठ आहे. मग 'माझी मैना'. आम्ही पुरुषाचं गाणं बायकांनी म्हणणार आहोत. आमच्यातल्या तिघींचे नवरे कामासाठी चाकणला असतात, त्यामुळे गावावर राहिलेली मैना आम्हांला शोधायला जावं लागत नाही. छापील कागद फक्त पहिल्या गाण्याचा.

चौथं 'औरत ने जनम दिया', आणि त्याच्या आधी 'फेविकॉल से'. तुम्ही चौघांनी नको म्हटलं, गटातही दोघी नको म्हणाल्या, तरी मी ते घेणार. गाणार नाही. चाल नाही, ठेका नाही, दहावीतली एक मुलगी त्यातल्या दोन ओळी फक्त वाचेल, मी मराठीत अर्थ सांगेन आणि आयांना विचारेन. शेवंतीताई, चांगलं ऐकवलं की वाईट मागे पडतं असं मला आमच्या गावात तरी दिसत नाही. ठेक्याखाली शब्द ऐकूच जात नाहीत, म्हणून ते टिकतात. आणि सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलले ते मुलींना वाचता यावं म्हणून. मुलींनी त्यांच्याच फोटोपुढे वाचून आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघावं, यात मला अपमान दिसत नाही.

आरेच्या दादा, तुमचं गाणं मुलींना मोबाइलवर दिलंय. त्यांनी स्वतःचं काही जुळवलं तर शेवटी दहा मिनिटं त्यांची.

स्पीकर घेत नाही, भाड्याचाही नाही. शाळेच्या पटांगणात भिंतीकडे पाठ करून बसलं तर शंभर माणसांपर्यंत आवाज जातो, गुरुजींनी उभं राहून बघितलं. वाचलेल्या पैशांत मुलींना वह्या.

एकच अडचण उरली आहे. ढोलकीवाल्या मुलाची त्याच आठवड्यात पोलीसभरतीची मैदानी आहे. सासवड-जेजुरी भागातलं कुणी ३ तारखेला संध्याकाळी पाचला येऊ शकेल का? एसटीभाडं आणि जेवण आमच्याकडे.

पेटीमास्तर:
मी हडपसरला असतो. माझा एक विद्यार्थी आहे, बरा वाजवतो. त्याला सांगतो. ढोलकी काळी चारला लावूनच आणायला सांगेन.

साउंड_सातारा:
ताई, मोकळ्या पटांगणात सहाजणींचा आवाज शंभर माणसांपर्यंत जात नाही. माझा स्पीकर न्या, भाडं नको. सकाळच्या एसटीत टाकून देतो.

कऱ्हाकाठ:
दादा, मनापासून आभार. पण गटाने ठरवलंय, स्पीकर नको. तुम्ही ऐकायला या.