मार्चमधला तो भुसा कारखान्याचा नव्हे

दादा, देवगडच्या समुद्रावरचा तपकिरी तवंग कारखान्याच्या सांडपाण्याचा, असं तुम्ही म्हणता. पण फेब्रुवारी ते मेमधला असा तवंग बहुधा ट्रायकोडेस्मियम या समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शैवालाचा असतो. ओंजळीत घेऊन बघा, लाकडाच्या भुशासारखे बारीक पुंजके दिसतात. त्या दिवसांत वारा पडलेला, पाणी तापलेलं, वरच्या थरातलं नायट्रेट (वनस्पतींचं नायट्रोजनयुक्त खाद्य) संपलेलं. बाकीचं वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, उपाशी राहतं. ट्रायकोडेस्मियम मात्र पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू वापरतो. पावसाळ्यात गणित उलटं. नद्या गाळासोबत खत आणतात, खालचं थंड, सकस पाणी उथळ भागात वर चढतं (केरळकडे जास्त, आपल्याकडे कमी) आणि डायटम नावाची दुसरी सूक्ष्म शैवालं फोफावतात. तरी सांडपाण्याची तपासणी व्हायलाच हवी, तिथे मी तुमच्यासोबत आहे.