वासाला जागणारा फळांचा चहा कोणता?

शेवंती_०७
मंडळी, सल्ला हवा आहे. संध्याकाळनंतर कॅफीन बंद करायचं ठरवलंय आणि साखरही कमी करायची आहे, म्हणून फळांच्या चहाकडे वळले. स्ट्रॉबेरी, पीच, रासबेरी, मिश्र बेरी असे प्रकार आणले. खोका उघडला की वासानेच जीव सुखावतो. गरम पाणी ओतलं की तो आणखी दरवळतो. आणि घोट घेतला की नुसतं आंबट-तुरट लाल पाणी! वास प्रत्येकाचा वेगळा, चव मात्र सगळ्यांची जवळपास एकच.

माझ्या करण्यात काही राहतंय, की हे असंच असतं? वासाइतकीच चव देणारा एखादा प्रकार असेल तर जरूर सांगा. साखर घालण्याचा सल्ला कृपया अगदी शेवटी द्या.

रानवारा
खोक्यावरचं चित्र सोडा, मागची घटकांची यादी वाचा. बहुतेक ठिकाणी घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. तुमच्या चारही खोक्यांवर पहिली दोन-तीन नावं हिबिस्कस (जास्वंदीच्या कुळातलं आंबट लाल फूल), रोजहिप (रानगुलाबाचं फळ) आणि सुकवलेलं सफरचंद अशीच निघतील. ज्या फळाचं नाव पुढे मोठ्या अक्षरात असतं ते यादीत पार खाली, किंवा फक्त 'फ्लेवर' म्हणून. चव सगळ्यांची एकच लागते कारण पाया एकच आहे.

दालचिनी
शेवंती, तुमच्या करण्यात काही चूक नाही. जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयात माझा फार जीव आहे.

जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम किंवा रश्शातली भरीव, खमंग चव). स्ट्रॉबेरी कुठली आणि पीच कुठलं हे तिला सांगता येत नाही, ते नाकाचं काम. फळ चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो, आणि मेंदू त्याला जिभेवरच्या गोड-आंबटाशी जोडून फळ ओळखतो. आपण ज्याला 'चव' म्हणतो त्यातला मोठा वाटा या मागच्या वाटेने येणाऱ्या वासाचा आहे. नाक चिमटीत धरून रासबेरीचा आणि पीचचा चहा आलटून पालटून प्या. फरक सांगणं फार अवघड जाईल. मग घोट तोंडात असतानाच नाक सोडा, फळ लगेच परत येईल.

म्हणजे चहातला वास खोटा नाही. रासबेरीचा वास मुख्यतः रासबेरी कीटोनमुळे येतो, पीचच्या वासात गॅमा-डेकालॅक्टोनचा मोठा हात असतो. असे पदार्थ अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतात, म्हणून चहाच्या मिश्रणावर थोडासा फ्लेवर फवारला तरी खोका घमघमतो.

जिभेची बाजू मात्र सूक्ष्म प्रमाणावर भागत नाही, तिला वजन लागतं. हिशोब करून बघा. एका पिशवीत साधारण दोन-अडीच ग्रॅम माल असतो. तो सगळाच्या सगळा सुकवलेलं फळ आहे आणि त्यात दोन तृतीयांश साखर आहे असं धरलं, तरी २०० मिली पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम साखर उतरेल, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तेवढ्याच सफरचंदाच्या रसात सुमारे २० ग्रॅम साखर असते. प्रत्यक्षात पिशवीत सगळं फळ नसतंच. हिबिस्कस असतं, आणि त्याची आम्लं पाण्यात झटकन उतरतात. नाकाला गोड फळाची वर्दी मिळते आणि जिभेवर नुसता आंबटपणा येतो. तुम्हाला जी निराशा जाणवते ती इथली आहे.

याच्याशी जुळणारा एक सुंदर प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुदिन्याचं च्युइंगगम चघळणाऱ्यांच्या नाकातला मेन्थोन हा वासाचा पदार्थ मोजत गेले. चघळता चघळता लोकांना पुदिना फिका होत गेल्यासारखा वाटला, पण नाकातला मेन्थोन फारसा घटलाच नव्हता. घटली होती ती साखर. जिभेवरचा गोडवा गेला की नाकातला वाससुद्धा विझल्यासारखा वाटतो. बिनसाखरेच्या स्ट्रॉबेरी चहाचं नेमकं हेच होतं.

शेवंती_०७
दालचिनी, मनापासून आभार. नाक धरून बघितलं, खरंच दोन्ही कप सारखे! मग आता निवडायचं कसं? ज्या चहाचा वास गोड नाही तोच घ्यायचा का?

दालचिनी
अगदी तेच सांगणार होते. माझं ठाम मत आहे की बिनसाखरेचा प्यायचा असेल तर मुळात आंबट असलेलीच फळं निवडावीत: लिंबू, क्रॅनबेरी, काळं करंट, आंबट चेरी. त्यांचा वास नाकाशी गोडाचा वायदा करत नाही, त्यामुळे हिबिस्कसचा आंबटपणा तिथे शोभतो. संत्र्याची सालही उत्तम. सालीतलं तेल सुकवल्यावरही बऱ्यापैकी टिकतं आणि सालीचा हलका कडवटपणा चहाला थोडा भरीवपणा देतो.

स्ट्रॉबेरी, पीच, आंबा, केळं, व्हॅनिला घातलेले प्रकार टाळा. त्यांचा वास कितीही मोहक असला तरी साखरेवाचून ते तोकडेच पडतात.

तिसरा_प्रहर
आलं, पुदिना, गवती चहा मिसळलेली मिश्रणंही बघा. आल्याचा तिखटपणा आणि पुदिन्याचा गारवा हे ना जिभेच्या चवीत मोडतात ना वासात. तोंडातल्या तिखट-गार जाणवणाऱ्या नसा ते टिपतात. त्यामुळे घोट रिकामा वाटत नाही. लिंबू-आलं हा माझ्या मते फळांच्या चहातला सगळ्यात प्रामाणिक प्रकार आहे. खोका उघडल्यावर जे मिळतं तेच कपात मिळतं.

निळाई
करण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. पाणी खळखळतं उकळतं घ्या, आणि पिशवी घातल्याबरोबर कपावर बशी झाका. खोलीत दरवळणारा वास हा कपातून निघून गेलेला वास असतो. झाकण ठेवलं की तो बराचसा आतच राहतो आणि घोटाबरोबर मागच्या वाटेने नाकात पोचतो. सात-आठ मिनिटं राहू द्या. चहापत्ती नसल्यामुळे चहासारखा कडू होत नाही, मात्र हिबिस्कस जास्त असेल तर आंबटपणा वाढत जातो. तसा असेल तर पाच मिनिटांवर थांबा.

आणि एकदम कढत पिऊ नका. जीभ भाजत असेल तर चव कळत नाही, कोमट झाल्यावर उरलासुरला गोडवा नीट लागतो.

रानवारा
गारही करून बघा. थंड पेयातून वास कमी उठतो, त्यामुळे नाकाची अपेक्षाच खाली येते आणि आंबट चव ताजीतवानी वाटते. मी पिशव्या रात्रभर गार पाण्यात ठेवून फ्रीजमध्ये टाकतो.

निळाई
रानवारा, गार करण्याची कल्पना चांगली आहे, पण थेट गार पाण्यात ठेवण्याला माझा विरोध आहे. सुकवलेली फुलं, फळं, पानं यांच्यावर जंतू असू शकतात, म्हणूनच बहुतेक खोक्यांवर उकळतं पाणी वापरा असं छापलेलं असतं. गार पाण्यात करण्यासाठीच बनवलेल्या पिशव्या वेगळ्या मिळतात, त्या खुशाल वापरा. बाकीच्यांसाठी निम्म्या उकळत्या पाण्यात दाट काढा करा, निवू द्या, मग बर्फ आणि गार पाणी घाला.

रानवारा
हे पटलं. यापुढे तसंच करेन.

कवडसा
साखर नको असेल तर ज्येष्ठमध असलेली मिश्रणं घ्या ना. त्यातलं ग्लिसरायझिन साखरेच्या सुमारे पन्नासपट गोड असतं. माझ्याकडे ज्येष्ठमध घातलेला बेरी चहा आहे, त्यात वास आणि चव दोन्ही जुळतात.

दालचिनी
जुळतात हे खरं, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्येष्ठमधाचा गोडवा उशिरा येतो आणि घशात रेंगाळतो, काहींना तो अजिबात आवडत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ग्लिसरायझिनमुळे रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटू शकतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी किंवा गरोदर बायकांनी तो रोजचा करू नये. अधूनमधून एखादा कप घ्यायला हरकत नाही.

तिसरा_प्रहर
आंबट चहाबद्दल एक काळजीची गोष्ट. हिबिस्कस, लिंबू यांचे चहा चांगलेच आम्लधर्मी असतात. तासन्‌तास घोट घोट पीत राहिलं तर दातांवरचं एनॅमल झिजतं. एका बैठकीत प्या, वर साध्या पाण्याची चूळ भरा, लगेच दात घासू नका. आणि या चहात दूध घालायला जाऊ नका, फाटतं.

शेवंती_०७
किती नीट समजावलंत सगळ्यांनी! बशी झाकून केला, फरक नक्की जाणवतो. आता लिंबू-आलं आणि काळं करंट आणते. पण हे स्ट्रॉबेरी-पीचचे उघडलेले खोके आहेत, त्यांचं काय करू? टाकवत नाही.

दालचिनी
टाकू नका. दोन उपाय सांगते. पहिला, ताजं फळ: पिकलेल्या सफरचंदाच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या चार-पाच पातळ फोडी कपात टाका आणि चहा पिऊन झाल्यावर त्या खा. चहा फार गोड होणार नाही, पण घोट आणि फोड आलटून पालटून घेतलं की नाकातल्या वासाला जिभेवर जोड मिळते.

दुसरा तुम्ही शेवटी ठेवायला सांगितलेला, म्हणून आता सांगते. पाव चमचा साखर किंवा मध. चहा गोड लागावा यासाठी नाही, वासाला आधार मिळावा म्हणून. तेवढ्या एक-दीड ग्रॅममध्येही पीच बऱ्यापैकी पीच लागायला लागतं. तेही नको असेल तर पीचची पिशवी कॅफीन काढलेल्या काळ्या चहाबरोबर एकाच कपात घाला. चहातल्या टॅनिन या तुरट पदार्थामुळे घोटाला अंग येतं आणि पीचचा वास त्यावर छान बसतो. काळा चहा तीन मिनिटांत बाहेर काढा, पीचची पिशवी राहू द्या.

आणि खोके घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मसाल्यांपासून लांब. उघडा राहिला की सगळ्यात आधी वासच उडतो, आणि या दोन प्रकारांत मोलाचं तेवढंच आहे.