कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घरी काढावा का, आणि काढायचाच असेल तर कसा?

प्रश्न : पाचोरेकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ साली घेतलेली, भारत स्टेज ४ मानकाची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ती आजवर सुमारे ९६ हजार किलोमीटर चालली आहे. दोन महिन्यांपासून चेक इंजिनचा दिवा विझत नाही, ॲव्हरेज उतरले आहे, आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढताना दुसऱ्या गियरशिवाय गाडी वर सरकत नाही. स्कॅनरवर पी ०४२० हा कोड आला. येथील एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले की कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा वायू स्वच्छ करणारा भाग, चोंदला आहे, तेव्हा तो काढून आतली जाळी फोडावी आणि रिकामे कवच परत बसवावे. शेतावरच्या इंजिनांची दुरुस्ती मी स्वतः करतो, त्यामुळे पाने, जॅक असे साहित्य घरी आहे. हे काम घरी करता येईल का, आणि जाळी फोडून गाडी चालवल्यास काही बिघडते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : भुसावळकर

भाऊ, बावीस वर्षे गॅरेज चालवतो म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पी ०४२० चा अर्थ ‘कन्व्हर्टर चोंदला’ असा होत नाही. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात; मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच वरखाली होऊ लागला, म्हणजे वायू स्वच्छ होत नाही असे संगणकाला कळते आणि तो हा कोड देतो. चोंदणे ही वेगळी तक्रार आहे आणि ती मोजता येते. पुढचा सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावा. साधारणपणे आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, दीड पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचे एकक) कमी आणि २५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या आत दाब असेल, तर वाट मोकळी आहे असे समजावे. थंड गाडीच्या कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहा. आत खुळखुळले तर जाळी तुटलेली आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही, त्याला कोणीतरी मारलेले असते. एखादी कॉइल किंवा प्लग नीट ठिणगी देत नसेल, तर न जळलेले पेट्रोल थेट जाळीवर जाऊन तिथे पेटते आणि ती सिरॅमिकची जाळी अक्षरशः वितळते. इंजिन ऑइल जाळत असेल किंवा हेड गास्केटमधून (इंजिनाच्या वरच्या भागाच्या जोडातल्या पट्टीतून) कूलंट आत झिरपत असेल, तर जाळीवरच्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या थरावर राख बसते. मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही काही महिन्यांत जाईल. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी कन्व्हर्टर बदलला होता आणि कॉइल नंतर.

थिनर किंवा ॲसिडने जाळी धुण्याचा उपाय कोणी सुचवील, तो करू नये. वितळलेली जाळी धुऊन उघडत नाही, आणि थिनरचा अंश आत राहिला तर आग लागते.

उत्तर : शिरपूरकर

मी मेकॅनिक नाही. मात्र मागच्या वर्षी माझ्या गाडीचा कन्व्हर्टर बदलण्याकरिता घरच्या अंगणात काढला होता, म्हणून अनुभव लिहितो. काम होते, पण घाई चालत नाही. चालू गाडीत हा भाग कित्येक शे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. (याच कारणाने गाडी कडब्याजवळ किंवा वाळलेल्या पऱ्हाट्यांवर उभी करू नये, आपल्याकडे उन्हाळ्यात हे विशेष जपावे.) गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि पहाटे काम सुरू करा, कारण मे महिन्यात दहानंतर अंगणात पाना हातात धरवत नाही.

आदल्या संध्याकाळी सर्व नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी बॅटरीची ऋण तार काढा. गाडी खालून काम करायचे असेल, तर सपाट फरशीवर भक्कम स्टँड लावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. बऱ्याच लहान गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच (इंजिनातून निघणारा वायू एकत्र करणाऱ्या पाइपालाच) जोडलेला असतो, त्यामुळे बरेचसे काम बॉनेट उघडून वरूनच होते. प्रथम उष्णतारोधक पत्रा काढा, मग २२ च्या खाचेच्या पान्याने सेन्सर सोडवा. सेन्सर तारेने लोंबकळत ठेवू नका आणि त्याच्या टोकाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका. नंतर खालच्या जोडावरचे बोल्ट काढा, पण त्याआधी मागच्या पाइपाला लाकडी ठोकळ्याचा आधार द्या, नाहीतर लवचीक जोडावर ताण येऊन तो फाटतो. मॅनिफोल्डचे नट शेवटी काढा. एखादा नट हलत नसेल तर जोर न लावता तो थोडा घट्ट करून मग सैल करा, पुन्हा तेल मारा आणि अर्धा तास थांबा. मी हट्टाने जोर लावला आणि एक स्टड मोडला. तो काढून घ्यायला धुळ्याला जावे लागले आणि पूर्ण दिवस गेला.

बाहेर काढल्यावर एका बाजूने टॉर्च लावून दुसऱ्या बाजूने पाहा. हजारो बारीक चौकोनी छिद्रांतून उजेड दिसला पाहिजे. जाळी फोडू नका; तिची भुकटी आणि भोवतालच्या चटईचे तंतू फुफ्फुसांत गेल्यास घातक आहेत. परत बसवताना गास्केट आणि नट नवेच वापरा आणि नट मधून कडेला, थोडेथोडे आळीपाळीने आवळा. सेन्सरच्या आधी कुठे गळती राहिली, तर बाहेरची हवा आत खेचली जाऊन सेन्सर संगणकाला चुकीची माहिती देतो.

उत्तर : धुळेकर

जाळी फोडण्याविषयी स्पष्ट लिहितो, कारण हा सल्ला आपल्या भागात सर्रास दिला जातो आणि मला तो मनापासून चुकीचा वाटतो. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीला पीयूसी तपासणीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. रिकाम्या कवचाने ती पाळणे अवघड आहे. प्रदूषणाचे मानक मोडणारी गाडी रस्त्यावर चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय चालक वाहन परवाना बाळगण्यास तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. आणि मागचा सेन्सर असल्याने दिवा तसाच जळत राहील. जो वायू बाहेर पडेल, तो आपल्याच गल्लीतली मुले श्वासावाटे घेणार आहेत.

आणखी एक : काम गॅरेजमध्ये दिले, तर जुना कन्व्हर्टर मागून घ्या. त्यातल्या धातूंमुळे भंगारातही त्याला चांगली किंमत येते, आणि ती आपली आहे.

पाचोरेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भुसावळकर भाऊंच्या सांगण्यावरून काल गेज लावले : आयडलला एक आणि २५०० आरपीएमला सव्वादोन पीएसआय. म्हणजे वाट चोंदलेली नाही. कॉइल्सची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (ठिणगी चुकणे) कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला. ती कॉइल आणि तिन्ही प्लग बदलले आहेत आणि आज घाटात गाडी तिसऱ्या गियरमध्ये चढली. कोड पुसला आहे. पाचशे किलोमीटर चालवून तो परत येतो का, ते पाहतो. आला, तर नवा कन्व्हर्टर आणून शिरपूरकर दादांनी सांगितल्याप्रमाणे पहाटे कामाला बसेन.